जुन्या जीपची तेलगळती : शोध आणि उपाय

जुनी जीप काही महिने एकाच जागी उभी राहिली, की तिच्याखालच्या फरशीवर काळा डाग उमटतो. ज्या जीपमधून तेल गळत नाही तिच्यातले तेल संपलेले असते, अशी एक थट्टा गॅरेजमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या थट्टेमुळे गळती हा जुन्या गाडीचा स्वभावच आहे, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. प्रत्यक्षात गळणारे तेल कोठे जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फरशीवर पडणारा थेंब फार तर फरशी खराब करतो. तोच थेंब ब्रेकच्या ड्रममध्ये झिरपला, तर घाटाच्या उतारावर गाडी थांबत नाही. म्हणूनच जुन्या जीपच्या पुनरुज्जीवनात रंग, हूड आणि आसने यांच्या आधी तेलगळतीचा माग काढणे आवश्यक ठरते.

महायुद्धापासून मुंबईपर्यंत

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली आणि त्यातून जीप जन्माला आली. बॅंटम कंपनीने पहिला नमुना तयार केला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार केल्या. युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ मध्ये ‘सीजे-२ए’ हे नागरी मॉडेल बाजारात आणले. त्यापाठोपाठ १९४९ मध्ये ‘सीजे-३ए’ आणि १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ ही मॉडेल्स आली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची ‘३बी’ पुढे कित्येक दशके भारतीय रस्त्यांवर आणि शेतवाटांवर धावत राहिली. आज महाराष्ट्रात हौसेने पुन्हा उभ्या केल्या जाणाऱ्या जीपमध्ये या घराण्यातील गाड्यांचा भरणा मोठा आहे.

या गाड्यांची यंत्ररचना साधी आणि दणकट आहे. युद्धकालीन ‘गो डेव्हिल’ इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटर क्षमतेचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. ‘३बी’मधील ‘हरिकेन’ इंजिन त्याचेच पुढचे रूप असून, त्यात आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळे इंजिनाची आणि पर्यायाने बॉनेटची उंची वाढली. मात्र या रचनेत तेल अडवण्याचे काम बूच, कागद, दोर आणि नमदा अशा साहित्यावर सोपवलेले होते. हे साहित्य काळाबरोबर वाळते, आकसते, दबते. वापरात असलेल्या गाडीपेक्षा दहा वर्षे उभी असलेली गाडी अधिक गळते, याचे कारण हेच आहे.

आधी धुलाई, मग निदान

बहुतेक जुन्या जीपच्या पोटाला तेल आणि धूळ यांचा बोटभर जाडीचा थर असतो. या थराखाली गळतीचे मूळ दडलेले असते. त्यामुळे पहिले काम गाडी खालून स्वच्छ धुण्याचे. थर खरवडून काढावा, रॉकेल किंवा तेल विरघळवणाऱ्या द्रावणाने भाग पुसावेत आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. हे करताना इंजिन थंड असावे आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू नये. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती पक्क्या स्टँडवर उभी करणे आणि चाकांना ठोकळे लावणे अनिवार्य आहे. नुसत्या जॅकवर विसंबून राहणे जिवावर बेतू शकते.

गाडी कोरडी झाल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडावी, खाली पांढरा पुठ्ठा अंथरावा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावे. पावडरवर ओलसर रेघ उमटली, की उगम सापडतो. त्यानंतर काही किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहणी करावी, कारण गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांची गळती चाके फिरल्याशिवाय दिसत नाही. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण ते खाली आणते. म्हणून थेंब जेथून टपकतो ती जागा उगमाची असेलच, असे नाही. ओल्या भागांपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधणे, हा निदानाचा मूळ नियम आहे.

तेलाचा रंग आणि वासही माहिती देतात. इंजिनातील वापरलेले तेल काळपट आणि पातळ असते. गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. ब्रेकचे तेल पातळ असते आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओघळते. ते आढळल्यास गाडी तेथेच उभी ठेवावी.

दोष सीलचा की दाबाचा?

गळती दिसताच नवे ऑइल सील बसवण्याची घाई बहुतेक ठिकाणी केली जाते. सील हा मात्र शेवटचा पहारेकरी असतो. आतून दाब वाढत असेल, तर कितीही चांगले सील तेल अडवू शकत नाही.

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडासा वायू नेहमीच इंजिनाच्या खालच्या भागात उतरतो. तो बाहेर काढण्यासाठी जीपच्या इंजिनात हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था असते. टॅपेट कव्हरपासून निघालेली नळी एका लहान व्हॉल्व्हमार्गे इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते आणि ताजी हवा तेल भरण्याच्या नळीकडून आत येते. हा व्हॉल्व्ह काजळीने चोंदला, किंवा एखाद्या दुरुस्तीच्या वेळी काढून त्याजागी बोल्ट ठोकून दिला, तर कोंडलेला वायू तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. अशा वेळी एकाच वेळी चार-पाच ठिकाणी गळती दिसते. व्हॉल्व्ह आणि नळ्या साफ करण्याचा खर्च नगण्य असतो आणि गळती पुष्कळदा तेवढ्यानेच निम्म्यावर येते.

व्यवस्था मोकळी करूनही तेल भरण्याच्या नळीतून धुराचे झोत बाहेर पडत असतील, तर रिंग आणि सिलिंडर झिजलेले असण्याची शक्यता असते. कॉम्प्रेशनची चाचणी घेऊन ती पडताळावी. झीज मोठी असेल, तर सील बदलण्यावर पैसे घालवण्यापेक्षा इंजिन उघडणे श्रेयस्कर. गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांनाही जेथे ब्रीदर दिलेले असतात, तेथे ते चिखलाने बुजलेले नाहीत ना, हे पाहावे. तेलाची पातळी ठरलेल्या खुणेपेक्षा जास्त असणे, हेही गळतीचे एक कारण आहे.

इंजिनाची गळती

इंजिनाच्या बाजूचे टॅपेट कव्हर, तळाचे ऑइल चेंबर, पुढचे टायमिंग कव्हर आणि बाहेरून बसवलेला तेलपंप ही गळतीची नेहमीची ठिकाणे. यांपैकी चेंबरच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. गळती थांबावी म्हणून बोल्ट अधिकाधिक आवळले जातात. त्यामुळे पत्र्याची कड बोल्टच्या भोकाभोवती वर उचलली जाते, बुचाची गॅस्केट चिरडते आणि दोन बोल्टांच्या मधली जागा सैल पडते. म्हणजे जेवढे आवळावे तेवढी गळती वाढते. चेंबर काढून त्याची कड सपाट ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करणे, जुन्या गॅस्केटचे अवशेष पूर्ण खरवडणे आणि नवी गॅस्केट बसवून सर्व बोल्ट थोडे थोडे, समान आवळणे, हा खरा उपाय आहे.

सिलिकॉनच्या ट्यूबचा अतिवापरही टाळावा. बाहेर दिसणारा सिलिकॉनचा जाड ओघळ आतल्या बाजूलाही तेवढाच असतो. तो सुटून तेलात पडला, तर चेंबरमधील तरंगत्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेलपंपाची वाट अडवतो. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन निकामी होते, ते असे. टॅपेट कव्हरच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर ही लहानशी गोष्टही अनेकदा विसरली जाते.

सर्वांत अवघड गळती क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी एक भोक असते. तेथून तेल टपकू लागले, की मागचे मेन सील गेले, असा निष्कर्ष काढला जातो. तो दर वेळी बरोबर नसतो. टॅपेट कव्हरचे तेल इंजिनाच्या मागच्या कडेने ओघळून तेथे पोचू शकते. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाची बुचासारखी चकती सैल झाली, तरी तेल तेथेच येते. गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडून येणारे गिअर ऑइलही त्याच भोकातून बाहेर पडते. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याचे मोठे काम हाती घेण्याआधी थेंबाचा वास आणि दाटपणा तपासावा. क्लच घसरत असेल किंवा गाडी सुटताना थरथरत असेल, तर तेल क्लच प्लेटपर्यंत पोचले आहे, असे समजावे.

जुन्या इंजिनांत हे मेन सील दोराचे असते. त्याचा एक अर्धा भाग ब्लॉकमध्ये आणि दुसरा बेअरिंगच्या कॅपमध्ये बसतो. दोर तेलात भिजवून, गोल दांड्याने खाचेत दाबून बसवावा आणि टोके धारदार पात्याने नेटकी कापावीत. ब्लॉकमधील अर्धा भाग नीट बदलायचा, तर क्रँकशाफ्ट उतरवावा लागतो. पुढे रबरी कडेची दोन तुकड्यांची सीलही उपलब्ध झाली. सील कोणतेही असो, मागच्या मेन कॅपच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांत रबराच्या बारीक कांड्या बसवायच्या असतात. त्या सुमारे पाव इंच बाहेर राहतात आणि चेंबर आवळताना आत दाबल्या जाऊन बाजूच्या फटी बंद करतात. बाहेर आलेला भाग ‘जास्तीचा’ समजून कापून टाकला, की नव्या सीलनंतरही गळती कायम राहते. मेन बेअरिंग झिजून क्रँकशाफ्ट हलत असेल, तर आधी बेअरिंगचे काम करावे लागते. डगमगत्या शाफ्टभोवती कोणतेही सील टिकत नाही.

ट्रान्स्फर केस आणि हँडब्रेक

गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला ट्रान्स्फर केस पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे शक्ती वाटून देतो. विलीज घराण्यात वापरलेला स्पायसर कंपनीचा ‘मॉडेल १८’ ट्रान्स्फर केस टिकाऊ आहे. पण गळतीबद्दल त्याची ख्यातीही तेवढीच आहे. तळाचे झाकण, मागचे झाकण, गिअरच्या दांड्यांची सील, आतल्या मधल्या शाफ्टची टोके आणि पुढे-मागे प्रॉपेलर शाफ्ट जोडले जातात तेथील सील, अशा अनेक ठिकाणी तेलाला वाट मिळते. शिवाय गिअरबॉक्समधील तेल शाफ्टच्या कडेने ट्रान्स्फर केसमध्ये सरकते. परिणामी एक पेटी कोरडी पडते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून गळू लागते. त्यामुळे दोन्हींची पातळी नेहमी एकत्र तपासावी.

येथे गळती आणि सुरक्षितता यांचा थेट संबंध येतो. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकावरील ड्रमवर असतो. मागचे सील फाटले, की गिअर ऑइल सरळ त्या ड्रममध्ये उतरते. तेलाने माखलेला हँडब्रेक ओढल्यावर हाताला घट्ट लागतो, पण गाडी धरून ठेवत नाही. चढावर उभी केलेली जीप मागे सरकण्यामागे अनेकदा हे सील असते. त्यामुळे उपलब्ध पैसे आणि वेळ मर्यादित असतील, तर या सीलला अग्रक्रम द्यावा.

नवे सील बसवण्याआधी ते ज्या गोल भागावर घासते, त्या भागावरून नख फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल, तर नवी कड तेथे लगेच झिजेल. असा भाग बदलावा किंवा त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी. या कामासाठी मिळणाऱ्या तयार स्लीव्हची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर असते, त्यामुळे सीलचे माप बदलावे लागत नाही. काही वेळा सील घरात किंचित पुढे-मागे बसवून त्याची कड खाच नसलेल्या जागी आणता येते. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे असावी, कडेला थोडे तेल लावावे आणि सील तिरके न होता सर्व बाजूंनी सारखे ठोकून बसवावे. फेल्टचे म्हणजे नमद्याचे सील असल्यास ते आधी तेलात भिजवणे आवश्यक असते.

ॲक्सल आणि चाकांचे ब्रेक

मागच्या ॲक्सलच्या टोकाचे सील निकामी झाले, की डिफरन्शियलमधील तेल चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये पोचते. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे फराटे दिसणे आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाणे, ही त्याची लक्षणे. तेलात भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत धोकादायक आहे. आत मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते. लायनर बदलावेत आणि तेही एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम.

निमुळत्या टोकाच्या ॲक्सलवरून हब काढण्यासाठी दणकट पुलर लागतो. अशा वेळी टोकाचा नट पूर्ण काढू नये, काही आट्यांवर राहू द्यावा; अन्यथा ताण सुटताच हब उडून इजा होऊ शकते. जुन्या लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. भाग ओले करून पुसावेत आणि योग्य मास्क वापरावा.

पुढच्या ॲक्सलची तऱ्हा वेगळी आहे. चाक वळवणारा सांधा मोठ्या पोलादी गोळ्याच्या आत बंद असतो आणि गोळ्याभोवती नमद्याचे सील असते. डिफरन्शियलकडील आतले सील गेले, की पातळ तेल या गोळ्यात शिरते, तेथील ग्रीस विरघळवते आणि काळा रस होऊन बाहेर ओघळते. बाहेरचा नमदा कितीही वेळा बदलला, तरी आतले सील बदलेपर्यंत हा ओघळ थांबत नाही. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते नमद्याला कापतात. असा पृष्ठभाग गुळगुळीत करून घ्यावा.

तेलाची निवड

दाट तेल घातल्याने गळती मंदावते, पण कारण तसेच राहते आणि थंड इंजिनात तेल सर्वत्र पोचायला उशीर होतो. सील फुगवणारी औषधे रबरावर काही काळ परिणाम करतात. दोर, बूच आणि नमदा यांच्यावर त्यांची फारशी मात्रा चालत नाही. गिअरबॉक्ससाठी तेल घेताना डब्यावरील ‘जीएल-४’ ही प्रत पाहावी. ‘जीएल-५’ प्रतीच्या काही तेलांतील रसायने गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना घातक ठरतात. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६च्या नियमांनुसार वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात होते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोचेल, अशी व्यवस्था करावी.

मूळपण आणि कायदा

गळक्या पेट्रोल इंजिनाला कंटाळून त्याजागी डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. अनेक जीपची मूळ इंजिने अशीच भंगारात गेली. आता या निर्णयाला कायद्याची बाजूही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, ही त्यातील महत्त्वाची अट. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरवण्यात आले असून, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा ठराविक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. गळती थांबवून मूळ इंजिन राखणे, हे त्यामुळे हौसेइतकेच व्यवहाराचेही ठरते.

सर्व कामे झाल्यावर गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी पाहणी करावी. दोराच्या सीलचे इंजिन पुठ्ठ्यावर एखादा थेंब सोडील. तेवढा त्या रचनेचाच भाग आहे. तेलाची पातळी नियमित तपासली, तर त्याने बिघडत नाही. चारही ड्रम आणि हँडब्रेक मात्र पूर्ण कोरडे असले पाहिजेत. तेथे तेलाचा ओशटपणा जरी आढळला, तरी काम पुरे झालेले नाही आणि गाडी अद्याप रस्त्यावर आणण्याजोगी नाही.